मुखडा ऐकू आला की कॅमेरा उचला : शास्त्रीय मैफलीची फोटोग्राफी, रोलच्या दिवसांत आणि आज

तीन रोल, प्रत्येकी ३६ फ्रेम. एकूण १०८, जपमाळेत असतात तेवढ्याच. १९९० च्या आसपास रात्रभराच्या मैफलीला मी एवढीच शिदोरी घेऊन जायचो, कारण चौथा रोल परवडायचा नाही. त्यातल्याही आठदहा फ्रेम पहाटेपर्यंत राखून ठेवायची धडपड असे. न जाणो, भैरवीत काही वेगळंच घडायचं. आज ६४ जीबीच्या एका कार्डावर दोन हजारांच्या आसपास रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइली बसतात, भैरवी संपते तेव्हा कार्ड अर्धं रिकामंच असतं, आणि घरी येऊन बघावं तर मनासारखे फोटो तेव्हा होते तेवढेच. मैफलीमागे पाच, फार तर सहा.

या काळात फोटो चुकण्याची कारणं साफ बदलली. तेव्हा उजेड पुरत नसे, आता संयम पुरत नाही. फोटो सापडण्याची जागा मात्र तिथेच आहे आणि ती ताल सांगतो. खाली जे लिहितोय ते ख्यालगायनाच्या मैफलीबद्दल आहे, कारण मला तेच येतं. परदेशी रॉक कॉन्सर्टमध्ये प्रेस फोटोग्राफरला पहिली तीन गाणी, तीही फ्लॅशशिवाय, आणि मग बाहेरचा रस्ता, असा रिवाज आहे. आपल्याकडे तो लावला तर पहिल्या ‘गाण्या’तच, संथ लयीतल्या बड्या ख्यालात, तास निघून जाईल. त्यातली पहिली वीस मिनिटं तर गवई अजून स्वतःच्या आवाजाची विचारपूस करत असतो.

आधी परवानगी, मग जागा

परवानगी दोघांची लागते, आयोजकांची आणि कलाकाराची. गळ्यात पास आहे म्हणजे रंगमंचापुढे उभं राहायचा हक्क मिळाला असं नाही. ग्रीनरूममध्ये कलाकाराच्या शिष्याला किंवा सोबतच्या माणसाला गाठा आणि तीन गोष्टी विचारा: कुठे बसू, मधे जागा बदलली तर चालेल का, आणि कोणत्या वेळी अजिबात फोटो नकोत. काही कलाकारांना आलापीत कॅमेरा समोर नको असतो. ते आधी कळलं तर तुमचेही कष्ट वाचतात.

तुमच्या मागे भारतीय बैठकीत बसलेली मंडळी दुपारपासून सतरंजी धरून बसलेली असतात. त्यांच्या आणि गवयाच्या मधे तुमचं डोकं आलं तर पुण्यात ते तोंडावर सांगितलं जातं. खाली बसा. हालचाल करायचीच तर दोन रागांच्या मधे, तंबोरे पुन्हा जुळवले जात असताना.

जागा तबल्याच्या बाजूची घ्या. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, गवई तबलावादकाकडे बघतो, तेव्हा त्याचा चेहरा आपोआप तुमच्याकडे वळतो. पेटीच्या बाजूला बसलात तर त्याच क्षणी तुम्हाला कान आणि मानेची शीर मिळेल. अगदी रंगमंचाला खेटून बसायची हौस पहिल्या दोनचार मैफलींत भागवून घ्या. तिथून नाकपुड्या, गुडघा आणि मायक्रोफोनच दिसतो. पाच ते सात मीटर मागे आणि मध्यरेषेपासून थोडं तिरकं बसलात की मायक्रोफोन ओठांवरून बाजूला सरकतो.

बसल्यावर पहिली दोन मिनिटं कॅमेरा मांडीवर ठेवून मागचा पडदा बघा. पूर्वी मागे गडद पडदा असे, फार तर झेंडूच्या माळा. आता फ्लेक्स असतो आणि गवयाच्या डोक्यातून कुठल्यातरी सिमेंटचं किंवा बँकेचं नाव उगवलेलं असतं. अर्धा फूट इकडे सरकलात की तेच अक्षर तंबोऱ्याच्या भोपळ्यामागे जातं. नंतर संगणकावर तासभर पुसत बसण्यापेक्षा हे सोपं आहे.

घड्याळाचाही विचार करावा लागतो. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींच्या पुढाकाराने १९५३ साली सुरू झाला आणि वर्षानुवर्षं तो रात्रभर चाले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट. त्यामुळे उघड्यावरच्या मैफली दुपारीच सुरू होऊ लागल्या. रसिक हळहळले, फोटोग्राफरपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. दुपारी मुलतानी किंवा भीमपलास चालू असताना मंडपाच्या कापडातून दिवसाचा निळसर उजेड झिरपत असतो आणि रंगमंचावरचे दिवे पिवळे असतात. गवयाचा एक गाल एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या. अशा वेळी चेहऱ्यावर जो उजेड जास्त आहे त्याप्रमाणे व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग ताळ्यावर आणायची सोय) ठरवा आणि दुसऱ्याला त्याच्या रंगात राहू द्या. दोन्ही बरोबर करायला गेलात तर दोन्ही बिघडतील.

बॅग

माझ्याकडे पेंटॅक्स के१००० होता, ५० मिमीची लेन्स आणि जुन्या बाजारातून घेतलेली १३५ मिमी, एफ २.८ (एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उजेड घेते). ज्यांची ऐपत होती ते निकॉनचा एफएम२ आणि १०५ मिमी वापरत. फिल्म आम्ही सुटी भरायचो. शंभर फुटांचा डबा चौघांनी मिळून घ्यायचा आणि अंधारात रोलच्या जुन्या रिकाम्या कॅसेटींत भरायचा. एका डब्यात साधारण अठरा रोल होत. स्वस्त पडे, पण कॅसेटच्या मखमली ओठात धुळीचा एक कण अडकला की छत्तीसच्या छत्तीस फ्रेमवर एकच सरळ ओरखडा. माझी एक अख्खी मैफल अशी गेली आहे. त्यानंतर कॅसेट तीनदा वापरली की टाकून द्यायची, असा नियम मी केला.

आज कुठलाही गेल्या दहाएक वर्षांतला कॅमेरा पुरतो. पैसे लेन्सवर घाला. एकच घ्यायची तर ८५ मिमी, एफ १.८. ती छोट्या एपीएस-सी सेन्सरवर लावली की जुन्या १३५ च्या जवळपास पोचते आणि एफ २.८ पेक्षा सव्वा स्टॉपहून थोडा जास्तच उजेड घेते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). दुसरी परवडली तर ७०-२००, एफ २.८. फ्लॅश घरी ठेवा, म्हणजे मोह होणार नाही. दोन कार्डं, दोन बॅटऱ्या, गडद कपडे. आणि बॅगेला वेल्क्रो असेल तर ती तंबोरे सुरू व्हायच्या आधी उघडून ठेवा. षड्ज लागलेला असताना वेल्क्रो उघडल्याचा आवाज किती लांब जातो हे एकदा अनुभवलं की माणूस चेनची बॅग घेतो.

उजेड वाचणे

रोलच्या दिवसांत रंगमंचावर टंगस्टनचे पिवळसर दिवे असत, सुमारे ३२०० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप). साधी रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी, म्हणजे ५५०० केल्विनसाठी बनवलेली. तिच्यावर गवई हळद लागल्यासारखा दिसे. निळा ८०ए फिल्टर लावला तर रंग ताळ्यावर येई, पण तो दोन स्टॉप उजेड खाई, आणि उजेड तर मुळातच नव्हता. टंगस्टनसाठीची खास स्लाइड फिल्म मिळे, पण तिचा वेग, म्हणजे उजेड टिपायची ताकद, १६०. मग उरे ती ४०० ची कृष्णधवल, कोडॅक ट्राय-एक्स नाहीतर इलफर्ड एचपी५. त्या पिढीच्या गवयांचे काळेपांढरे फोटो बघून आज लोक म्हणतात, काय मूड पकडलाय! मूड नव्हता हो, नाइलाज होता.

आकड्यांत सांगतो. मध्यम उजेडाच्या रंगमंचावर एफ २.८ ला ४०० च्या फिल्मवर शटर मिळे १/३०, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. १३५ ची लेन्स हातात धरायची तर किमान १/१२५ हवं. म्हणून ४०० ची फिल्म १६०० ची आहे असं समजून वापरायची आणि धुताना जास्त वेळ द्यायचा. याला आम्ही रोल ताणणं म्हणायचो. १/१२५ मिळे, पण फुकट नाही. ताणल्याने सावलीतला तपशील वाढत नाही, फक्त उजळ भाग आणखी उजळतो. गवयाचा चेहरा येई, पण मागे तंबोऱ्यावर बसलेली मुलगी अंधारात विरघळून जाई. शिवाय रोल एकदा १६०० ला ठरवला की छत्तीसही फ्रेम १६०० लाच. मधेच कोणी दिवे वाढवले तरी निमूट गिळायचं.

त्याच रंगमंचावर, त्याच एफ २.८ ला, आज आयएसओ (फिल्मच्या वेगाचाच आकडा, सेन्सरसाठी) ३२०० वर १/२५० मिळतं आणि ६४०० वर १/५००. तेही रंगीत, आणि प्रत्येक फ्रेमला वेगळं. २००७ साली निकॉनचा डी३ आला आणि ६४०० हा आकडा रोजच्या वापरात आला, तेव्हा मैफलीच्या फोटोग्राफीचा निम्मा अंधार संपला, असं मी मानतो. मेगापिक्सेलची चर्चा करणाऱ्यांनी ही गोष्ट जरा बाजूलाच ठेवली.

आता आजची पद्धत, क्रमाने.

१. कॅमेरा मॅन्युअलवर टाका. मागे काळा पडदा असताना आपोआप मोजणारा कॅमेरा पडद्याला राखाडी करायला जातो आणि चेहरा धुऊन टाकतो. के१००० चा मीटर हेच करायचा, आजचे चांगले कॅमेरेही कधीकधी करतात.

२. एफ २.८, १/२५०, आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा. मायक्रोफोन लावणाऱ्या माणसाचा किंवा तंबोरे जुळवणाऱ्या शिष्याचा एक फोटो घ्या.

३. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उजळ भाग लुकलुकताना दाखवायची सोय सुरू करा. पांढरा कुर्ता लुकलुकत असेल तर उजेड कमी करा. चेहऱ्यावर काहीही लुकलुकता कामा नये. जरीचा काठ आणि हिऱ्याच्या कुड्या लुकलुकल्या तर लुकलुकू द्या, त्यांचं कामच ते आहे.

४. एकदा ठरलं की बदलू नका. दिवे बदलले तरच पुन्हा बघा.

पूर्वी आम्ही मैफलीआधी रंगमंचावर जाऊन स्वतःचा तळहात दिव्याखाली धरून मोजायचो आणि एक स्टॉप जास्त द्यायचो, कारण तळहात चेहऱ्यापेक्षा उजळ असतो. जुन्या सवयीचा एक धोका सांगून ठेवतो. निगेटिव्हवर सावली वाचवायची असते, कारण उजळ भाग एन्लार्जरखाली (मोठे प्रिंट काढायच्या यंत्राखाली) खेचून आणता येतो. डिजिटलवर उलटं. तिथे उजेड जपायचा, काळोखातून नंतर बरंच काही उपसता येतं, पण जळालेला कुर्ता परत येत नाही. फिल्मवरून आलेल्या माझ्यासारख्यांना हे अंगवळणी पडायला दोन हंगाम गेले.

एलईडी दिव्यांचं दुखणं नवीन आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. फोटोत आडवे पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणून पाहा, बहुतेक वेळा पट्टे जातात. काही दिवे, आणि मागची मोठी एलईडी भिंत, यांची स्पंदनं वेगळी असतात. तिथे कॅमेऱ्यातली फ्लिकरची सोय किंवा शटर कणाकणाने बदलायची सोय वापरावी लागते. मैफल सुरू व्हायच्या आधी वेगवेगळ्या शटरवर पाचसहा फोटो घेऊन बघितलेत तर पुढचे तीन तास सुखाचे जातात.

आणि ते जांभळे दिवे! दरबारी कानडा चालू असताना गवयाच्या चेहऱ्यावर जांभळा उजेड सोडणाऱ्याला नक्की काय सुचवायचं असतं, मला आजवर उमगलेलं नाही. अशा उजेडात निळा रंग फुटून जातो आणि हिरव्यात काहीच उरत नाही. कॅमेरा फोटोतल्या उजेडाचा जो आलेख (हिस्टोग्राम) दाखवतो तो एकत्रित न बघता तिन्ही रंगांचे वेगळे आलेख बघा आणि जो रंग काठावर आदळतोय त्यासाठी उजेड आणखी एक स्टॉप उतरवा. त्यातूनही नाही जमलं तर फोटो कृष्णधवल करा. पुन्हा नाइलाजच.

मुखडा

हा भाग नीट वाचा, बाकीचं कुठेही मिळेल.

विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल बारा मात्रांचा. ठाय लयीत एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण ते एक मिनिट घेते. त्या मिनिटात गवई हवं तिथे फिरून येतो आणि शेवटच्या मात्रेच्या आसपास बंदिशीचा मुखडा धरतो. मुखडा म्हणजे समेकडे नेणारे तेच ते शब्द, दर आवर्तनाला परत येणारे. चेहऱ्यावर जे काही घडायचं ते बहुतेक वेळा समेवर किंवा समेच्या लगेच नंतर घडतं. म्हणजे मुखडा ऐकू आला की तुमच्या हातात चारपाच सेकंद आहेत. उचला, फोकस, श्वास रोखा, दाबा. बाकीचं मिनिट कॅमेरा खाली. हातही दुखत नाहीत, आणि गाणं ऐकायला मिळतं.

यासाठी राग ओळखता यायला हवा असं नाही. पहिली चार आवर्तनं एकही फोटो न काढता मुखड्याचे शब्द पाठ करा. मांडीवर बोटाने मात्रा धरा. शेजारची आजी धरत असते तशाच.

द्रुतात, म्हणजे जलद लयीत, हे चालत नाही. त्रितालाच्या सोळा मात्रा चढ्या लयीत तीनचार सेकंदांत संपतात. तिथे तिहाईवर भिस्त ठेवा. एकच तुकडा तीनदा वाजतो किंवा गायला जातो आणि तिसऱ्याचा शेवट समेवर पडतो. पहिल्या फेरीला कॅमेरा डोळ्याला, दुसरीला फोकस, तिसरीला बोट. निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांना वाघ असा वेळ सांगून येत नाही.

दाबायचं मात्र समेच्या किंचित आधी. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. जुन्या एसएलआरमध्ये वर आरशाची गंमत असे. शटर दाबलं की आरसा वर जाई आणि क्षणभर अंधार. म्हणून आम्ही म्हणायचो, जो क्षण व्ह्यूफाइंडरमध्ये दिसला तो फिल्मवर आला नाही. समेवर काळोख दिसला तर खूश व्हायचं. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, हा काळोख नाही, सलग दिसत राहतं. काही नव्या कॅमेऱ्यांत तर बटण अर्धं दाबून ठेवलं की आधीचा अर्धा-एक सेकंदही साठवला जातो. वापरा, लाज कसली. पण सेकंदाला वीस फोटोंचा मारा अख्ख्या तानेवर करू नका. समेभोवती पाचसहा फ्रेम बस्स. ताना चालू असताना तोंड वेडंवाकडं असतं, ते पन्नास प्रकारे वेडंवाकडं असण्यात कोणाचंच भलं नाही.

माझं मत विचाराल तर समेपेक्षा समेनंतरचा अर्धा सेकंद मोठा. सम पडते, दाद येते, गवई तबलावादकाकडे बघून हसतो किंवा नुसतीच भुवई उचलतो. रोलच्या दिवसांत तो माझ्याकडून हमखास सुटायचा, कारण अंगठा फिल्म पुढे ढकलण्यात गुंतलेला असे. डिजिटलने मला खरोखर काही नवीन दिलं असेल तर तो अर्धा सेकंद.

प्रत्येक गवयाचं शरीर वेगळं बोलतं, ते आधी ऐका आणि बघा. भीमसेनजींची तान गळ्याआधी खांद्यातून निघे. खांदा वळला की हात कुठे जाणार ते कळायचं, म्हणून चौकटीत त्या बाजूला मोकळी जागा सोडावी लागे. किशोरीताई आमोणकरांचं स्वरमंडल (तारांचं छोटं वाद्य) मांडीवर असे. चेहराच तेवढा धरला तर ती तारांवरची बोटं हुकायची आणि अर्धं गाणं चौकटीबाहेर राहायचं. आजच्या गायकांची रेकॉर्डिंग्ज जाण्याआधी बघून ठेवा, पूर्वी आम्हाला ही चैन नव्हती.

फोकसबद्दल दोन शब्द. पाच मीटरवरून १३५ मिमीने, एफ २.८ ला, स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम २३ सेंटिमीटर असते. वीतभर. गवई मान डोलवतो तेवढ्यातच ती संपते. डोळा शोधणारा ऑटोफोकस उत्तम आहे, पण आपले गवई डोळे मिटून गातात आणि मग कॅमेरा मागच्या तंबोरेवालीचे उघडे डोळे पकडतो. नाहीतर मायक्रोफोनच्या जाळीवर जाऊन बसतो. एकच फोकसबिंदू घेऊन जवळच्या भुवईवर ठेवा.

शटरचा हिशोब: आलापीत १/६० चालतं. हातवारे असतील तर १/२५०. तबल्याची बोटं गोठवायची तर १/५०० आणि त्यावर. पण गोठलेली बोटं मला नेहमी मेणाची वाटतात. १/३० ला हात धूसर आणि चेहरा स्थिर, असे दहा काढलेत तर एक लागतो, आणि तो एक बघताना तबला ऐकू येतो.

शटरचा आवाज

एफएम२ चं शटर शांत आलापीत पाचव्या रांगेपर्यंत ऐकू जाई. आम्ही कॅमेरा स्वेटरमध्ये गुंडाळायचो, डिसेंबरात तो असायचाच. तिथेही समच कामाला यायची. तबल्याच्या ‘धा’खाली क्लिक लपतो. रोल संपला तर गुंडाळायला दाद मिळेपर्यंत थांबायचं.

आज इलेक्ट्रॉनिक शटर पूर्ण मुकं आहे. त्याची एक अट आहे. साधा सेन्सर वरून खालपर्यंत वाचायला सेकंदाचा पंधरावा ते तिसावा भाग घेतो. तेवढ्यात तबल्यावरचा हात सरकतो आणि बोटं रबरासारखी वाकडी होतात, एलईडीचे पट्टेही याच शटरला जास्त येतात. सोनीच्या ए९ पासून, म्हणजे २०१७ पासून, आलेले वेगवान सेन्सर हे काम सेकंदाच्या दीडशेव्या ते अडीचशेव्या भागात उरकतात, पण ते महाग आहेत. तुमचा कॅमेरा साधा असेल तर असं करा: आलापीत मुकं शटर, द्रुतात आणि तबल्यासाठी यांत्रिक. द्रुतात आवाज झाकायला तबला आहेच.

आणि घरून निघतानाच तीन गोष्टी बंद करा. फोकसचा ‘बीप’, फोकसला मदत करणारा लाल-हिरवा दिवा, आणि फोटो काढल्यावर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आपोआप दिसणारं चित्र. हा पडदा अंधारात मागच्या वीस माणसांच्या डोळ्यांत जातो. शिवाय तो बघत असताना तुमचा पुढचा मुखडा जातो.

घरी आल्यावर

रोल ताणून धुवायचा तर आजही तीच रीत. एचपी५ प्लस आणि मायक्रोफेन हे डेव्हलपर, न पातळ केलेलं, २० अंशांना: ४०० ला साडेसहा मिनिटं, ८०० ला आठ, १६०० ला अकरा, ३२०० ला सोळा. सुरुवातीचे दहा सेकंद टाकी चारदा उलटसुलट, पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला तसंच. मग स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण), पाण्याने धुणं. २० अंश हा आकडा सांभाळायचा. पुण्यात डिसेंबरात त्यासाठी फारसं झगडावं लागत नसे. एप्रिलमध्ये बादलीत बर्फ टाकावा लागे, आणि बर्फ जास्त झाला तर रोल कमी धुतला जाई. मग काँटॅक्ट शीट (निगेटिव्हच्याच आकाराचे छोटे प्रिंट एका कागदावर), भिंग, लाल ग्रीज पेन्सिल. एका कागदावर अख्खा रोल. त्यातल्या दोन फ्रेमना चौकट पडे आणि त्यांचेच मोठे प्रिंट होत, बरेचदा उटीच्या इंदू कागदावर.

डिजिटलमध्ये डार्करूमची मेहनत गेली आणि निवडीची आली. सहाशे फोटो समोर असतात आणि त्यातले साडेपाचशे ‘बरे’ असतात. बरे फोटो हाच शत्रू. मी असं करतो. त्याच रात्री फक्त दोन प्रती करतो, एक वेगळ्या डिस्कवर, आणि झोपतो. दुसऱ्या दिवशी छोट्या आकारात, काँटॅक्ट शीटसारखे, झरझर बघतो. त्या आकारात जो डोळ्यात भरत नाही तो मोठा केल्यावरही भरत नाही. साठेक उरतात. आठवड्याने पुन्हा बघून बारा ठेवतो. मधे आठवडा गेला की गाणं कानातून उतरलेलं असतं आणि फोटो स्वतःच्या पायावर उभा आहे की नाही ते कळतं.

ग्रेनची, म्हणजे फोटोतल्या रवाळपणाची, आजही काळजी करणाऱ्यांना सांगतो, ३२०० चा आजचा फोटो आमच्या ताणलेल्या १६०० पेक्षा कितीतरी स्वच्छ असतो. नवी सॉफ्टवेअरं उरलेलाही नॉइज पुसतात, पण हात आखडता ठेवा. म्हाताऱ्या गवयाच्या गालावरचे खुंट, तंबोऱ्याच्या तारा आणि जरीचा काठ हे तिन्ही आधी तपासा. त्यांचा लगदा झाला असेल तर सरकवलेली पट्टी अर्ध्यावर आणा.

फिल्मची शिस्त शिकायची असेल तर फिल्म विकत घ्यायलाच हवी असं नाही. रोल आता महाग आहेत. एका कलाकाराला ३६ फोटो, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर कागद चिकटवलेला, आयएसओ सुरुवातीला ठरवला तो शेवटपर्यंत. अशा दोन मैफली करा. तिसरीला कागद काढून टाका.

शेवटचं काम म्हणजे नावं, आणि ते कार्ड पुसण्याआधी करा. तारीख, ठिकाण, गवई, तबला, पेटी, राग, आणि मागे तंबोऱ्यावर कोण बसलं होतं ते. मुख्य कलाकाराचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, तंबोऱ्यावरच्या मुलीचं फक्त त्या रात्री कळू शकतं. मध्यंतरी एका गायिकेचा फोन आला. ‘तीसएक वर्षांपूर्वी मी गुरूंच्या मागे तंबोऱ्यावर बसले होते, तुम्ही समोर होतात, काही आहे का?’ निगेटिव्हची पाकिटं काढली. काँटॅक्ट शीटच्या मागे माझ्याच अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं: रोल २, फ्रेम १७, डावा तंबोरा, आणि पुढे तिचं माहेरचं नाव. निगेटिव्ह पांढऱ्या कागदावर ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने टिपली आणि संध्याकाळपर्यंत पाठवली. १६०० ला ताणलेली फ्रेम, चेहरा जवळजवळ काळोखातच. पण तंबोऱ्यावरचं बोट दिसत होतं, आणि तिने ते ओळखलं.